लिनक्स तर ठरलं, पण डेस्कटॉप कुठला?

तुमच्या घरात एखादा लॅपटॉप असेलच, जो धड जुना नाही आणि धड नवाही नाही. कीबोर्ड शाबूत, स्क्रीन स्वच्छ, मुलांच्या ऑनलाइन शाळेच्या काळात इमानेइतबारे राबलेला. तरी १४ ऑक्टोबर २०२५ नंतर तो एकाएकी बाद ठरला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ टाकायला जावं, तर ते टीपीएम २.० नावाची सोय मागतं आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर मागतं. इंटेलच्या बाबतीत ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. नाव नोंदवणाऱ्यांना वर्षभराची मुदतवाढ आहे, पण तीही ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते.

मग घरातला एखादा भाचा किंवा ऑफिसातला मित्र सांगतो, "लिनक्स टाका की, फुकट आहे." त्याचं म्हणणं खरं आहे. तुम्ही उत्साहानं लिनक्स मिंटच्या डाउनलोडच्या पानावर जाता आणि तिथे पहिलाच प्रश्न येतो: सिनॅमन हवं, माटे हवं की एक्सएफसीई? यातली एक दालचिनी, दुसरं पुण्यातलं आडनाव आणि तिसरं बँकेच्या परीक्षेचं नाव वाटतं. बरेच जण इथेच पान बंद करतात.

हा लेख त्या पानावर अडकलेल्यांसाठी आहे. मी स्वतः इंग्रजी साहित्य शिकलेली, कॉम्प्युटर इंजिनिअर नव्हे. तेव्हा घाबरू नका, तुम्हाला न कळणारं फार काही माझ्याकडेही नाही.

साखरेचा डबा कुठे आहे?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण घरी 'डेस्कटॉप' म्हणतो तो टेबलावरचा कॉम्प्युटर. लिनक्सवाले 'डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट' म्हणतात ते वेगळं. मशीन सुरू झाल्यावर तुम्हाला जे दिसतं ते सगळं त्यात आलं: खालची पट्टी, मेनू, खिडक्या उघडायची-मिटायची बटणं, फाइलींचं कपाट, सेटिंग, वाय-फायचं चिन्ह. आतलं यंत्र, म्हणजे लिनक्स, तेच राहतं. बाहेरची मांडणी बदलते.

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करायला गेलं की कसं होतं ते आठवा. गॅस तोच, पातेलं तसंच, पण साखरेचा डबा सापडत नाही. चहा येतोच तुम्हाला, तरी त्या पाच मिनिटांत आपण अडाणी असल्यासारखं वाटतं. चुकीचा डेस्कटॉप घरच्यांसमोर ठेवला की त्यांना तसंच वाटतं. ते तुम्हाला काही बोलत नाहीत. ते फक्त लॅपटॉप उघडायचं सोडून देतात, आणि महिन्याभरात तो माळ्यावर जातो.

मोबाइलवर हा अनुभव तुम्ही घेतलेला आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. सॅमसंगचा फोन बदलून शाओमीचा घेतला की आत अँड्रॉइडच असतं, पण सेटिंग शोधायला दोन दिवस जातात. लिनक्समध्ये तो 'चेहरा' निवडायचं काम कंपनी करत नाही, तुम्हाला करावं लागतं. अडचण म्हणा, नाहीतर चैन म्हणा.

इतके प्रकार आले कुठून?

थोडा इतिहास सांगते, कारण त्यातच निवडीची किल्ली आहे.

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्यानं केडीईची घोषणा केली. (तारीख पाहिलीत? बरोबर २९ वर्षांनी त्याच दिवशी विंडोज १० चा आधार संपला. योगायोगच.) त्या घोषणेत त्यानं लिहिलं होतं, की मैत्रिणीचा कॉम्प्युटर लावून देताना त्याला कळलं, साध्या माणसाला हे जमण्यासारखं नाही. प्रत्येक प्रोग्रॅमचं रूप वेगळं, बटणं वेगळी. पत्र लिहिणाऱ्या, इंटरनेट पाहणाऱ्या माणसाला वापरता येईल असं काही हवं. म्हणजे हा सगळा खटाटोप सुरूच झाला तो कोणा एका खऱ्या व्यक्तीकडे पाहून.

पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं. केडीई ज्या क्यूटी नावाच्या साधनावर उभं होतं, त्याचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता, हे त्यांना पटलं नव्हतं. (आता तो वाद उरलेला नाही.) एक्सएफसीईची सुरुवातही १९९६ मधलीच, ऑलिव्हिए फुर्दां यांनी केलेली.

मग आलं २०११. एप्रिलच्या सुरुवातीला ग्नोम ३ आलं, आणि त्याच्या अगदी तोंडावर ग्नोमचं आशियाई संमेलन भरलं होतं आपल्या शेजारी, बेंगळुरूत. नव्या ग्नोमनं जुनी पट्टी, जुना मेनू सगळं मोडून टाकलं. लोक चिडले. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर कुरकुर केली आणि एक्सएफसीईकडे गेले. पुढे ते ग्नोमकडे परतले, ही गोष्ट वेगळी. अर्जेंटिनाच्या एका वापरकर्त्यानं जुनं ग्नोम जिवंत ठेवायचं ठरवलं आणि त्याला दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयाचं नाव दिलं, माटे. मिंटवाल्यांनी नवा गाभा ठेवून जुनी मांडणी उभी केली, ती सिनॅमन.

सांगायचं तात्पर्य एवढंच, की हे प्रकार कमी-जास्त दर्जाचे नाहीत. वेगवेगळ्या माणसांचे हट्ट आहेत ते. म्हणून 'सर्वांत चांगला डेस्कटॉप कुठला' हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. इंटरनेटवर त्याच्या याद्या पैशाला पासरी मिळतात. प्रश्न असा हवा: या मशीनसमोर रोज कोण बसणार?

मावशीसमोर ठेवलेले तीन

माझी मावशी म्हैसुरात कुवेंपुनगरला राहते आणि घरी हिंदीच्या शिकवण्या घेते. दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा देणारी मुलं तिच्याकडे येतात. प्रश्नपत्रिका ती स्वतः टाइप करते, हिंदीत. पालकांना निरोप कन्नडमध्ये. बहिणींना पत्रं मराठीत. तिचा लॅपटॉप चार जीबी रॅमचा, विंडोज ११ ला नको असलेला. शिकवणीच्या उत्पन्नातून नवा घ्यायचा तर निदान वर्षभर थांबावं लागणार होतं, आणि परीक्षा काही थांबत नाहीत.

मी एका पेनड्राइव्हवर तीन प्रकार घेऊन गेले. लिनक्सची एक मोठी सोय म्हणजे ते न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं; लॅपटॉपमधल्या फाइलींना हात लागत नाही. तिला खुर्चीत बसवलं, आणि मी हात मांडीवर ठेवून गप्प बसले. (हे फार अवघड असतं, सांगून ठेवते.)

पहिलं उबुंटूमधलं ग्नोम. दिसायला सगळ्यांत देखणं. डावीकडे ॲपची उभी रांग, सगळी ॲप मोबाइलसारखी मोठ्या चौकोनांत मांडलेली. मावशीनं कौतुक केलं. पण प्रश्नपत्रिका बंद न करता बाजूला ठेवून दुसरी उघडायची म्हटल्यावर ती खालच्या बाजूला पट्टी शोधत राहिली. विंडोजवर अनेक वर्षं घालवलेल्या हाताला पट्टी खालीच लागते. तिचा नववीतला मुलगा मागून म्हणाला, "आई, हे तर टॅबसारखं आहे, सोप्पंय." त्याला खरंच सोपं होतं. तो मोबाइलवर वाढलेला, त्याला 'स्टार्ट' बटणाची आठवणच नाही.

दुसरं केडीई प्लाझ्मा. मेनू डावीकडे खाली, घड्याळ उजवीकडे खाली, म्हणजे ओळखीचं. पण प्लाझ्मात कुठेही उजवं बटण दाबलं की पर्यायांची रांग लागते. पट्टी हलवा, रंग बदला, खिडकीची सावली बदला. मावशीचा हात चुकून लागला आणि पट्टी संपादनाच्या अवस्थेत गेली. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मुलाचे डोळे मात्र चमकले, आणि पंधरा मिनिटांत त्यानं त्या पडद्याचं रूप असं पालटलं की ओळखू येईना. ज्याला खोलून बघायची हौस आहे, त्याच्यासाठी प्लाझ्माइतकं मजेचं दुसरं काही नाही.

तिसरं मिंटचं सिनॅमन. मावशी बसली, मेनू उघडला, लिबरऑफिस सापडलं, दोन ओळी लिहिल्या, फाइल जतन केली, मशीन बंद केलं. काही बोलली नाही. मी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "यात काय वाटायचंय?"

माझ्या मते डेस्कटॉपला मिळू शकणारी याहून मोठी शाबासकी नाही.

तेव्हा विंडोजवर हात बसलेल्या मोठ्या माणसांसाठी मी डोळे झाकून सिनॅमन सांगते. ज्यांची पहिली ओळख मोबाइलशी झाली त्या मुलांना ग्नोम पटकन जमतं. शुद्ध ग्नोममध्ये, फेडोरावर असतं तसं, खिडकीला फक्त बंद करायचं बटण असतं, लहान करायचं नसतं. उबुंटूनं ती बटणं परत लावली आहेत. म्हणून घरात ग्नोम हवं असेल तर उबुंटूचं घ्या. बाय द वे, मार्च २०२५ मध्ये आलेल्या ग्नोम ४८ या आवृत्तीचं नावच 'बेंगळुरू' आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे भरलेल्या संमेलनाच्या आयोजकांचा तो सन्मान. कर्नाटकात राहणाऱ्या आम्हा लोकांना उगीचच बरं वाटलं.

मराठी नीट उमटते का, हे आधी बघा

याद्यांमध्ये नसलेली, पण आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही आहे.

म्हैसूर हे भाषांचं गाव. १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान इथेच आहे. पण संस्थेपर्यंत जायला नको. इथल्या कुठल्याही मराठी घरात दिवसाला तीन-चार भाषा बोलल्या आणि लिहिल्या जातात. अशा घरात डेस्कटॉपची खरी परीक्षा कीबोर्डवर होते.

लिनक्समध्ये कीबोर्डच्या मांडण्यांची यादी उघडलीत तर मराठीसमोर 'कगप' असं एक नाव दिसेल. हे कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. के. पी. राव यांनी कन्नडसाठी उच्चारानुसार आखलेल्या मांडणीवर कर्नाटक सरकारनं प्रमाण मानलेली कळफलक-रचना आधारलेली आहे. 'नुडी' हे इथल्या सरकारी कचेऱ्यांत वापरलं जाणारं सॉफ्टवेअर त्याच रचनेवर चालतं. लिनक्समध्ये तीच मांडणी कन्नडबरोबर हिंदी, संस्कृत, तेलुगू आणि मराठीसाठीही आहे. इंग्रजी के दाबला की क, शिफ्ट धरून के दाबला की ख, आणि जोडाक्षर करायचं तर एफच्या जागी हलन्त. म्हणजे ज्याच्या बोटांना कन्नड टाइप करता येतं, त्याला मराठी टाइप करायला नव्यानं काही शिकावं लागत नाही. मावशीला नुडीची सवय होती. तिनं मराठीतला पहिला शब्द लिहिला तेव्हा तिचा विश्वासच बसेना, की बोटं कन्नडची आणि अक्षरं मराठीची.

महाराष्ट्रात इनस्क्रिप्ट शिकलेले पुष्कळ जण आहेत, तीही आहेच. आणि मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय असेल, तर आयबसबरोबर चालणारं एम१७एन हे पॅकेज घ्या. त्याच्या मराठीच्या यादीत 'गमभन' आणि 'मिंग्लिश' अशी ओळखीची नावं भेटतील.

डेस्कटॉपनुसार इथे फरक पडतो. ग्नोममध्ये सेटिंगमधून भाषा जोडली की सुपर, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण, आणि स्पेस दाबून भाषा बदलते. काही वेगळं करावं लागत नाही. सिनॅमनमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मांडण्या जोडायच्या आणि बदलायची कळ आपण ठरवायची. तिथे एकावेळी चारच मांडण्या ठेवता येतात. इंग्रजी, कन्नड, हिंदी, मराठी. म्हैसूरच्या घराला बरोबर पुरतात! एक गंमत मात्र सांगायला हवी. पट्टीवर कुठली भाषा चालू आहे हे दाखवायला देशाच्या झेंड्याचं चित्र वापरायचा पर्याय असतो. आपल्या तिन्ही भाषांना झेंडा एकच, तिरंगा! अभिमानाची गोष्ट, पण उपयोग शून्य. तो पर्याय बंद करा, म्हणजे भाषेची अक्षरं दिसतात.

फॉन्टची काळजी आता फारशी नाही. रेड हॅट कंपनीनं खुल्या परवान्यावर दिलेले 'लोहित' फॉन्ट, गूगलचे नोटो, मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' हे सगळे फुकट मिळतात. तरी पेनड्राइव्हवरून चालवून पाहताना तीन शब्द लिहूनच बघा: वाऱ्यावर, ॲप, बाळ. पहिल्यात अर्धा र नीट आडवा येतो का, दुसऱ्यात अ वरचा चंद्र सहज टाइप होतो का, आणि ळ कुठल्या बटणावर आहे हे लगेच कळतं. एखाद्या मांडणीत ॲ सापडत नसेल तर दुसरी मांडणी घ्या. इथे तडजोड केलीत तर पुढे रोज चिडाल.

आणि मेनू मराठीत दिसावेत का? भाषा मराठी निवडता येते. पण अनुवादाचं काम स्वयंसेवक करतात आणि ते पुरं झालेलं नसतं, त्यामुळे काही पाट्या मराठीत आणि काही इंग्रजीत अशी खिचडी होते. शिवाय यूट्यूबवरचा मदतीचा व्हिडिओ 'सेटिंग्ज' म्हणतो आणि तुमच्या पडद्यावर भलताच शब्द असतो. मी मेनू इंग्रजी आणि लेखन मराठी असं ठेवते. आजी-आजोबांना मराठी पाट्या वाचून हायसं वाटत असेल तर जरूर ठेवा, फक्त त्यांना मदत करणाऱ्यालाही ते शब्द ठाऊक असू द्या.

दिसायला त्रास होणाऱ्यांसाठी मोठी अक्षरं, पडदा मोठा करून दाखवणं हे सगळीकडे आहे, पण ते ग्नोममध्ये सर्वांत नीट एका ठिकाणी लावलेलं आहे. ऑर्का नावाचा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही ग्नोमबरोबर येतो, आणि त्याच्यासोबत वापरलं जाणारं ईस्पीक मराठीही वाचतं. आवाज यांत्रिक आहे. कामापुरता ठीक.

'हलकं' म्हणजे किती हलकं?

जुन्या मशीनला हलका डेस्कटॉप लावा, असा सल्ला सगळे देतात. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे त्यातले दोन. एक्सएफसीईचं बोधचिन्ह उंदीर आहे, आणि गणपतीच्या उंदरासारखाच तो अंगापेक्षा जास्त ओझं वाहतो. रॅम दोन जीबी असेल तर दुसरा विचार करू नका, तोच घ्या किंवा लुबुंटूमधलं एलएक्सक्यूटी घ्या.

पण चार जीबीच्या पुढे मला हा सल्ला अर्धाच खरा वाटतो. हलक्या आणि जड डेस्कटॉपमध्ये फरक असतो तो काही शे एमबीचा. त्याच मशीनवर ब्राउझरचे दहा टॅब उघडलेत की ते त्याच्या कितीतरी पट रॅम खातात. मग डेस्कटॉप हलका असून काय उपयोग? जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी ती काढून एसएसडी बसवा. डेस्कटॉप बदलून जे साधणार नाही ते या एका बदलानं साधतं, आणि गल्लीतला दुरुस्तीवाला तासाभरात करून देतो. मिंटला किमान दोन जीबी रॅम लागते आणि सुखानं चालायला चार, असं ते स्वतःच सांगतात. मावशीचं सिनॅमन चार जीबीवर एसएसडी लावून चालतं आहे.

आणखी एक बारकी गोष्ट. कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू या उबुंटूच्या भावंडांना दीर्घ मुदतीच्या आवृत्तीतही तीनच वर्षं आधार मिळतो. मिंटच्या २२ व्या मालिकेला, तिन्ही डेस्कटॉपसकट, २०२९ पर्यंत. घरच्यांचं मशीन वरचेवर बदलायची हौस कोणाला असते?

हे सगळं फक्त लिनक्सपुरतं आहे का, असं कोणी विचारेल. फ्रीबीएसडीसारख्या दुसऱ्या मुक्त प्रणालींवरही केडीई, ग्नोम, एक्सएफसीई चालतात. पण तिथे डेस्कटॉप बहुधा आपणच बसवायचा असतो. घरच्या लॅपटॉपसाठी त्या वाटेला मी जाणार नाही.

फोनशी गट्टी

तुम्ही हे फोनवरच वाचताय, म्हणून हे सांगायलाच हवं. केडीईवाल्यांनी केडीई कनेक्ट नावाचं एक ॲप केलं आहे. फोन आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर असले की फोनमधले फोटो थेट लॅपटॉपवर येतात, फोनवर कॉपी केलेलं लॅपटॉपवर पेस्ट होतं, फोनच्या सूचना लॅपटॉपवर दिसतात. केबल नको, स्वतःलाच व्हॉट्सॲप करणं नको. प्लाझ्मात ते मुरलेलं आहे, ग्नोममध्ये जीएसकनेक्ट नावाच्या जोडणीनं मिळतं, आणि सिनॅमनवरही बसवता येतं. मावशी मुलांच्या वह्यांचे फोटो काढून असेच लॅपटॉपवर घेते. तिला लिनक्समधलं काय आवडलं विचाराल तर ती हेच सांगेल, डेस्कटॉपचं नावही घेणार नाही.

कोणी थांबावं

सगळ्यांनी उडी मारावी असं मी म्हणणार नाही. घरात कोणी टॅलीवर हिशेब करत असेल तर ते विंडोजचं काम आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील, तर त्या लिनक्सवर उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसतील. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. प्रिंटर पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा. काही प्रिंटर जोडल्या जोडल्या चालतात आणि काही कितीही विनवण्या केल्या तरी ऐकत नाहीत, आणि हे डेस्कटॉप बदलून सुटत नाही.

पण 'आपल्या मुलांना हे जमेल का' ही भीती असेल तर ती सोडा. म्हैसूरहून निघून बंदीपूरचं जंगल ओलांडलं की केरळचा वायनाड जिल्हा लागतो. तिथल्या, आणि केरळभरच्या, सरकारी शाळांतली मुलं गेली कित्येक वर्षं उबुंटूवर बेतलेल्या लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' म्हणून सुरू झालेला तो उपक्रम आता काइट ही सरकारी संस्था चालवते. त्या मुलांना लिनक्स हा शाळेतला कॉम्प्युटर वाटतो, बस्स.

एका रविवारी दुपारी

व्हेंटॉय नावाचं एक फुकट साधन आहे. ते पेनड्राइव्हवर एकदा बसवलं की डाउनलोड केलेल्या आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या. मशीन सुरू होताना कुठली चालवायची ते विचारतं. तीन डेस्कटॉप एकाच पेनड्राइव्हवर मावतात. सोळा जीबीचा घ्या, आठचा अपुरा पडेल. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा त्यात लग्नाचे फोटो नाहीत ना ते पाहा. मशीन सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यातलं कुठलं बटण दाबायचं ते कंपनीगणिक बदलतं. तुमच्या मॉडेलचं नाव घालून शोधलंत की मिळेल. पेनड्राइव्हवरून सगळं जरा रेंगाळतच चालतं, त्यावरून वेगाचा निवाडा करू नका.

मग ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला खुर्चीत बसवा आणि पाच कामं सांगा. यूट्यूबवर आवडतं गाणं लावायचं. फोनमधला एक फोटो उघडायचा. आपलं नाव मराठीत लिहून फाइल जतन करायची. ती फाइल बंद करून पुन्हा शोधून काढायची. शेवटी मशीन बंद करायचं. शेवटचं काम क्षुल्लक वाटेल, पण ग्नोममध्ये बंद करायचं बटण वर उजव्या कोपऱ्यात आहे आणि सिनॅमनमध्ये खाली डावीकडच्या मेनूत. कुठे शोधलं जातं त्यावरून त्या माणसाचा हात कुठल्या घरचा आहे ते कळतं. तुम्ही मध्ये बोलू नका. माऊस तर अजिबात हातात घेऊ नका. ते कुठे थांबतात तेवढं बघा.

घरात दोन वेगळ्या तऱ्हेची माणसं एकच मशीन वापरत असतील तर एकाच लिनक्सवर दोन डेस्कटॉप बसवून लॉगिन करताना निवडता येतात, हे खरं. पण मग मेनूत फाइलींची दोन कपाटं, दोन सेटिंग, दोन नोटपॅड असा पसारा होतो, आणि ज्याला मुळात कमी गोष्टी हव्या होत्या त्याचाच गोंधळ वाढतो. जास्त वापर कोणाचा ते बघून एकच ठेवा आणि प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या, म्हणजे मुलानं रंग बदलले तरी आईचा पडदा जागच्या जागी राहतो. मावशीच्या घरी तसंच केलं. तिचं सिनॅमन जसंच्या तसं आहे. मुलाच्या लॉगिनमध्ये पट्टी वर गेली आहे, मेनूचं चिन्ह बदललं आहे आणि मागे कुठल्याशा फुटबॉलपटूचं चित्र आहे. प्लाझ्मा मात्र त्याला हवंच आहे, ते तो पेनड्राइव्हवरून चालवतो, शिकवणीची मुलं गेल्यावर.